साहेबांचं काचघर

फ्रेमवाल्याच्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते सरड्यामुळे नाही, बायकोच्या आवाजामुळे. सकाळी तो आरशासमोर दाढी करत होता आणि बाहेरच्या खोलीतून ती म्हणाली, "उठलात का? झोप झाली नीट? अगं बाई, काय सुंदर दिसताय आज!"

त्याचा हात थांबला. हा आवाज त्याने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात कधीतरी ऐकला होता, त्यानंतर नाही. अर्ध्या गालावरचा फेस तसाच ठेवून तो बाहेर आला, जरासा हसतच. ती पाठमोरी उभी होती. हातात पाणी फवारायची बाटली आणि समोर जाळीच्या पिंजऱ्यात, फांदीवर, एक डोळा तिच्याकडे आणि दुसरा फ्रेमवाल्याकडे लावून साहेब बसले होते.

"तुमचा चहा झाकून ठेवलाय," ती न वळता म्हणाली. हा आवाज मात्र ओळखीचा होता.

साहेब म्हणजे पाळलेला सरडा. कुंपणावर बसून मान हलवणारा नेहमीचा नव्हे. हा परक्या मुलखातल्या जातीचा, पानासारखा चपटा, डोक्यावर टोपीसारखा उंच तुरा, शेपटीची गुंडाळी आणि अंगावर हिरवे, पिवळे, निळसर पट्टे. मेहुणीने तो हौसेने, रीतसर परवाना काढून आणला होता. मग तिची बदली झाली, नव्या जागेत प्राणी चालत नव्हते. "ताई, महिनाभर सांभाळ गं," म्हणत तिने पिंजरा दारात ठेवला आणि गेली. महिना कधीच उलटून गेला. मेहुणीने विषय काढला नाही, आणि बायकोने तर तो मुद्दामच काढला नाही.

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात," फ्रेमवाला तसबिरी मढवायला दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्याकडचा थेट संसारापर्यंत आलाय." गिऱ्हाईक हसायचं. तोही हसायचा, पण हसून झालं की पुढची काच जरा जास्तच जोर लावून कापायचा.

त्याची बायको दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची. एका पांढऱ्यात किती पांढरे असतात हे तिला ठाऊक होतं. धुरकट पांढरा, पिवळट पांढरा, कडेला निळसर झाक मारणारा पांढरा. दिवसभर ती माणसाच्या खऱ्या दाताला खोटा दात जुळवायची, आणि तिने जुळवलेला दात कुणाला ओळखता यायचा नाही. अशा डोळ्यांना घरी साहेब मिळाले म्हणजे मग विचारायलाच नको. साहेबांच्या मानेवरचा हिरवा कालच्यापेक्षा फिका आहे, पोटाशी तपकिरी ठिपके आलेत, डोळ्याभोवतीची कातडी जरा आत गेलीय, हे तिला दारातून पाऊल टाकताच कळायचं.

याच सुमारास फ्रेमवाल्याने मिशी काढली. कॉलेजपासून होती ती मिशी. दिवसभर तो दुकानात ओठांवरून हात फिरवत बसला आणि संध्याकाळी उगाच दिव्याखाली उभा राहिला. बायको म्हणाली, "जरा बाजूला व्हा ना, त्यांच्यावर सावली पडतेय."

मिशी गेल्याचं तिला दोन दिवसांनी कळलं, तेही शेजारणीने सांगितल्यावर.

बाईच्या वाट्याला सवत आली तर तिच्यासाठी निदान भाषेत शब्द तरी आहे. आपल्या वाट्याला हे जे काय आलंय त्याला काय म्हणायचं, हे फ्रेमवाल्याला कळेना. तो साहेबांना पाण्यात पाहू लागला. जेवताना तिचं लक्ष पिंजऱ्याकडे गेलं की तो ताट अर्धवट सोडून उठायचा. आणि साहेबही असे बेरकी, की तिच्या हातावर हळूहळू झुलत चढायचे, थेट खांद्यापर्यंत, आणि फ्रेमवाला जवळ आला की क्षणात काळपट पडून फुत्कार टाकायचे.

उन्हाळा चढू लागला तसे साहेब मलूल झाले. खाणं कमी झालं, डोळे खोल गेले. बायकोची झोप उडाली. तिने कुठून कुठून चौकशी केली आणि एका रविवारी प्राण्यांचा डॉक्टर घरी आला.

दार फ्रेमवाल्यानेच उघडलं. उंच, सावळा, पिकू लागलेल्या केसांचा माणूस. त्याने फ्रेमवाल्याच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि ओरडला, "काय गं मुंगे! तू अजून तेवढीच?"

"अरे, तू? तू डॉक्टर झालास?" बायको आतून धावतच आली. "तुला तर बेडूक कापताना चक्कर आली होती!"

शाळेत एका वर्गात होते दोघं. ती लहानखुरी आणि सारखी काहीतरी वाहून नेणारी, म्हणून मुंगी. फ्रेमवाल्याला हे नाव आजपर्यंत माहीत नव्हतं. ते त्याला जेवढं लागलं नाही तेवढं ते 'अरे' लागलं. नवऱ्याला ती 'अहो' म्हणायची, सासूबाईंनी शिकवलं तसं. त्यात मान होता हे खरं, पण मानाच्या पाटावर बसलेल्या माणसाच्या जवळ कोणी सरकत नाही. हा मात्र चपला काढायच्या आत 'अरे' होऊन बसला.

डॉक्टरने साहेबांना हातावर घेतलं, डोळे पाहिले, तोंड पाहिलं. "तहान लागलीय गं याला."

"पण वाटीत पाणी भरलेलं असतं रे!"

"वाटीतलं पाणी याला पाणी वाटतच नाही. पानावरून थेंब गळायला हवा, हलायला हवा, चमकायला हवा, मग हा चाटणार." त्याने रिकामी बाटली मागून घेतली, बुडाला सुईने भोक पाडलं आणि ती पिंजऱ्यावर अशी टांगली की थेंब थेंब पानांवर पडू लागला. "थंड देशातले लोक याला गरम ठेवायला दिवे लावतात. आपल्याकडे उलटी मारामार, गार ठेवायची. सकाळचं कोवळं ऊन द्यायचं, पण बाजूला दाट सावली हवी, म्हणजे त्याला नको असेल तेव्हा आत जाता येईल. वारा खेळता हवा. किड्यांवर ती कॅल्शियमची पूड भुरभुरायची. आणि सारखं हातात घ्यायचं नाही, मुंगे. तुला आवडतं, त्याला आवडतंच असं नाही."

साहेबांनी जीभ काढून एक थेंब चाटला. मग दुसरा. बायकोने टाळी वाजवली आणि आनंदाच्या भरात डॉक्टरचा दंड धरला. फ्रेमवाला चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. 

डॉक्टर पुन्हा आला. मग पुन्हा. दर वेळी चहा, शाळेतल्या मास्तरांच्या नकला आणि हसणं. फ्रेमवाला मूग गिळून बसायचा. रात्री तिने विचारलं, "तुम्ही एवढे गप्प का असता हो तो आला की?" तो म्हणाला, "तुमच्या शाळेत मी नव्हतो." आणि कूस बदलली.

मग त्याने ठरवलं. डॉक्टरला काय येतं? भोकाची बाटली टांगायला. आपल्याला काय येतं ते आता दाखवायचं.

दुकान बंद केल्यावर तो मागे बसू लागला. उरलेसुरले नाही, खास आणलेले सागवानी तुकडे त्याने रंधले, कोपरे असे जुळवले की सांध्यात नख जाणार नाही. तीन बाजूंना जाड, नितळ काच. वर कमान, कमानीवर कोरलेली वेल. आणि पाठीला आरसा, म्हणजे साहेबांची पाठसुद्धा दिसावी. इतक्या वर्षांत त्याने लोकांची लग्नं मढवली होती, लोकांची पोरं, लोकांची बक्षिसं. स्वतःच्या घरासाठी हे पहिलंच.

चादरीत गुंडाळून त्याने ते घरी आणलं आणि बाहेरच्या खोलीत, खिडकीसमोर ठेवून चादर ओढली. बायको बघतच राहिली. हात पुसायचे विसरून तसेच ओल्या हातांनी तिने वेलीवरून बोट फिरवलं.

"हे तुम्ही केलंत?"

"नाही, डॉक्टरने केलं."

ती हसली नाही. डोळे भरून आले होते तिचे. त्या संध्याकाळी साहेबांचा मुक्काम काचघरात हलला, आणि फ्रेमवाल्याला फार दिवसांनी जेवण गोड लागलं.

पुढचे दिवस सुखाचे गेले. संध्याकाळी तो घरी आला की साहेब काचघरात असायचे आणि बायको म्हणायची, "खरंच किती शोभतं हो!" डॉक्टरचं नावही निघेनासं झालं. फ्रेमवाला पुन्हा मिशी वाढवू लागला.

एका दुपारी दुकानातली वीज गेली. पंख्याशिवाय भट्टीच झाली होती, म्हणून शटर ओढून तो घराकडे निघाला. इमारतीखाली डॉक्टरची स्कूटर उभी होती. त्याने सीटला हात लावून पाहिलं. चटका बसला, म्हणजे बराच वेळ उन्हात उभी असणार. जिना तो चोरपावलांनी चढला, स्वतःच्याच घराचा. किल्लीने दार हळूच उघडलं.

काचघर रिकामं होतं.

मागच्या बाल्कनीतून बोलणं ऐकू येत होतं. तिथे कुंड्यांच्या गर्दीत तोच जुना जाळीचा पिंजरा टांगलेला, वर थेंब गाळणारी बाटली, आणि आत साहेब, हिरवेगार. बायको जेवणाच्या सुट्टीत घरी आलेली, कामाचा कोट अजून अंगावर. ती म्हणत होती, "संध्याकाळी हे यायच्या आत परत काचेत ठेवते. ह्यांना अजून पत्ता नाही लागलेला."

"कशाचा पत्ता?" फ्रेमवाल्याने विचारलं.

दोघंही दचकले. दचकायला नको होतं. दचकले म्हणूनच त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझ्या माघारी काय काय चालतं घरात?"

"अहो, तुमचा गैरसमज..." डॉक्टर म्हणाला.

"माझ्याच घरात मला समज-गैरसमज शिकवू नका."

डॉक्टरने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. तो बॅग उचलून गेला. खाली स्कूटर सुरू झाल्याचं ऐकू आल्यावर ती बोलली, हळू, एकेक शब्द. काचेत हवा खेळत नाही. खिडकीतून दुपारचं ऊन आलं की ते तापतं. आणि पाठीचा आरसा साहेबांना सोसत नाही. त्यांना वाटतं दुसरा नर घरात घुसलाय. दिवसभर त्याच्यावर फुत्कारतात, काळे पडतात, खात नाहीत. म्हणून सकाळी फ्रेमवाला गेला की ती त्यांना बाल्कनीत हलवायची आणि तो यायच्या आत परत.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"किती वर्षांनी तुम्ही माझ्यासाठी काही केलं होतंत. कोणत्या तोंडाने सांगायचं, की चुकलं म्हणून?"

यावर माणूस विरघळायला हवा. पण जळणाऱ्याच्या कानांची तऱ्हा निराळी असते. फ्रेमवाल्याने एवढंच ऐकलं, की दोघांना ठाऊक होतं आणि आपल्याला नव्हतं.

"म्हणजे रोज संध्याकाळी 'किती शोभतं, किती शोभतं' म्हणत होतीस ते नाटक. आणि दुपारी दोघं मिळून मला हसत होता."

"कोणी हसत नव्हतं हो!"

तो पिंजऱ्याकडे गेला, दार उघडलं आणि साहेबांच्या पोटाखाली हात घातला.

"अरे, काय करतोस! सोड त्याला! पाय तुटेल त्याचा!"

रागाच्या भरातही ते 'अरे' त्याला ऐकू गेलं. हवं होतं ते हे असं मिळालं. फांदीला घट्ट धरलेले पाय एकेक करून सोडवत त्याने साहेबांना काचघरात ठेवलं आणि दार लावलं. "या घरात राहायचं तर इथेच राहील. नाहीतर पाठव बहिणीकडे."

बायकोने घड्याळाकडे पाहिलं. कुणाचीतरी कवळी आज द्यायची होती, तिला जावंच लागणार होतं. दारात चप्पल घालताना ती म्हणाली, "त्याला काही झालं तर मी काय करीन, मला माहीत नाही." दार तिने आपटलं नाही, अलगद लावलं.

फ्रेमवाला काचघरासमोर खुर्ची ओढून बसला. साहेबांनी आरशात पाहिलं. आधी अंग चपटं केलं, मग फुगवलं, मग तोंड वासून डुलू लागले. हिरवा रंग गेला, काळे पट्टे उमटले. आरशातला तसाच डुलला, तसाच काळा झाला. एक रातकिडा साहेबांच्या शेपटीवरून चालत गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. सुरुवातीला फ्रेमवाल्याला मजा वाटली. बस आता बोंबलत, म्हणाला तो. जळ.

इतक्यात घरातलीही वीज गेली. पंखा घरघरत थांबला. ऊन खिडकीच्या कठड्यावरून सरकत सरकत आलं आणि काचघरात शिरलं. फ्रेमवाल्याच्या पाठीवर घामाचे ओघळ लागले, पण तो उठला नाही. हळूहळू साहेबांचं डुलणं मंदावलं. काळा रंग उतरला आणि खालून भलताच फिका रंग वर आला, उन्हात पडून विटलेल्या कागदासारखा. तोंड उघडंच राहिलं. डोळे मिटले. दिवसाढवळ्या डोळे मिटणं वाईट, हे बायको किती वेळा म्हणाली होती.

आता आपण काही केलं नाही, तर हे आपोआप मिटेल. हा विचार त्याच्या मनात आला, आणि आला तो तिथेच बसला. कोणी दोष देणार नाही. वीज गेली, ऊन होतं. तोही त्या विचारासोबत बसून राहिला, नको तितका वेळ.

साहेबांनी पुढचा पाय उचलला. सावलीकडे जायचं असावं. फांदी चाचपडली, सापडली नाही. बोटं हवेतच मिटली, उघडली, परत मिटली. पुन्हा एकदा. मग ते घसरून खाली पडले.

फ्रेमवाला उठला तेव्हा खुर्ची उलटली. हातात आलेलं ते अंग गरम होतं आणि अगदी हलकं. एवढ्याशा जिवाचा आपण किती मोठा दावेदार केला होता. त्याने बाल्कनीत कुंड्यांच्या सावलीत त्याला ठेवलं, धावत जाऊन फ्रिजमधली बाटली आणली, आणि ओतणार तेवढ्यात हात थांबला. ओतायचं की नाही? त्याला काहीच माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं त्याचा नंबर फ्रिजच्या दारावर, बायकोच्या अक्षरात चिकटवलेला होता.

"हॅलो, मी..." आपण कोण म्हणून सांगायचं, तेच त्याला सुचेना. "मी मुंगीचा नवरा बोलतोय."

"काय झालं?"

त्याने सांगितलं. एकही गोष्ट न लपवता, रंग, तोंड, डोळे, सगळं.

"फ्रिजचं पाणी अजिबात नको, एकदम गार सोसणार नाही. साधं पाणी, बाटलीने फवारा, धुक्यासारखं. तोंडात ओतू नका. वारा घाला. मी येऊ का?"

फ्रेमवाल्याने साहेबांकडे पाहिलं. "या," तो म्हणाला. "लवकर या."

डॉक्टर आला तेव्हा फ्रेमवाला फरशीवर उकिडवा बसून पुठ्ठ्याने वारा घालत होता. दोघंही साहेबांच्या दोन बाजूंना बसले. डॉक्टरने पानावर थेंब सोडला, साहेबांच्या ओठाशी नेला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक डोळा उघडला, गोल फिरला आणि फ्रेमवाल्यावर येऊन थांबला. जीभ जराशी बाहेर आली.

"वाचेल बहुतेक," डॉक्टर म्हणाला. थोड्या वेळाने, साहेबांवरची नजर न काढता, तो पुढे बोलला. "एक सांगतो. शाळेत मला ती आवडायची. खोटं कशाला बोलू? तिला त्याचा पत्ताही नव्हता, आजही नाही. तुम्हाला राग आला तर माझ्यावर यावा, तिच्यावर नको."

फ्रेमवाला चमकला. खरं तर त्याने उठून गचांडी धरायला हवी होती. पण छातीवरचं ओझंच उतरल्यासारखं झालं. इतके दिवस त्याला वाटत होतं, आपल्यालाच वेड लागलंय. निदान तेवढं तरी नव्हतं.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला.

"वाटणारच."

"चहा घेणार?"

"घेईन."

बायको संध्याकाळी आली. काचघर रिकामं पाहून तिच्या हातातली पिशवी गळाली. बाल्कनीत येऊन पाहते तर दोघं पुरुष कपबशा घेऊन फरशीवर बसलेले आणि मधल्या कुंडीत, पानाआड, साहेब. अजून फिके, पण फांदी चारही पायांनी धरलेली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"मी बसून बघत होतो," तो म्हणाला. "लगेच उठलो नाही मी."

तिने वाकून साहेबांवर पाणी फवारलं. डॉक्टर गेला. फ्रेमवाल्याने स्क्रूड्रायव्हर काढला आणि काचघर उताणं केलं. आधी आरसा काढला, मग एकेक काच. इतक्या घट्ट बसवलेल्या की काढताना त्याच्या बोटाला रक्त आलं. ती बाजूला येऊन बसली आणि निघालेले स्क्रू तिने ओंजळीत घेतले.

"जाळी आहे दुकानात?" तिने विचारलं.

"आहे. बारीक नको ना? हवा यायला हवी."

"मध्यम. आणि वेल तशीच ठेवा हं. वेल राहू दे."

जाळीचं घर आता बाल्कनीत आहे, एका बाजूला सकाळचं ऊन आणि दुसऱ्या बाजूला दाट पानं. साहेब पुन्हा रंगावर आले. डॉक्टर अधूनमधून येतो, फ्रेमवाला समोर बसून चहा घेतो, आणि मास्तरांच्या नकलांना हसतोही, जरा उशिरा. तो माणूस त्याला अजून आवडत नाही. तसं असायला हरकत नाही, असं त्याचं मत झालंय.

साहेब मात्र त्याला बघून काळे पडायचे ते पडतच राहिले. फ्रेमवाल्यानेही मग हट्ट धरला. रोज सकाळी दाढीच्या आधी तो जाळीचं दार उघडून तळहातावर एक नाकतोडा घेऊन उभा राहायचा. हलायचं नाही, बोलायचं नाही. हाताला रग लागायची. नाकतोडा कधी उडून जायचा, कधी त्याच्या बाहीत शिरायचा. साहेब पाठ फिरवून बसायचे.

आणि एका सकाळी, काही कळायच्या आत, ती लांबलचक जीभ सप्पकन सुटली. तळहातावर ओलसर टिचकी बसली आणि नाकतोडा गायब.

"अगं! अगं, इकडे ये! माझ्या हातावरून घेतला त्याने!"

बायको ओल्या केसांनी धावत आली. साहेब समोरच चावत बसले होते, हिरवेगार. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या रिकाम्या तळहाताकडे.

"माझ्या हातावरून कधी घेतला नाही," ती म्हणाली. "इतक्या वेळा धरला मी. दर वेळी चिमट्यात धरूनच द्यावा लागतो मला."

"घेईल गं तुझ्याही हातावरून."

"राहू दे. तुम्हीच द्या आता रोज." आणि ती आत निघून गेली. नंतर बराच वेळ स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात वाजत होती. फ्रेमवाला बाल्कनीत उभा राहून ती ऐकत होता, आणि त्याला फार म्हणजे फारच बरं वाटत होतं.